ऊसमळ्यांतून उठलेली गावे

(रेल्वे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कामगार चळवळीचा इतिहास' एवढेच छापले आहे. इतिहास म्हटला की शिकागो, मुंबईच्या गिरण्या आणि १९७४ चा आपला रेल्वे संप, हे तुम्ही दर वर्गात ऐकता. आज मी तुम्हाला थेट दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, गयाना देशात नेणार आहे. त्याला कारण आहे. काल संध्याकाळी कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यावे की नाही यावर इथे खडाजंगी झाली. एक सहकारी म्हणाले, "ते आपल्या पोटावर पाय देऊन आलेत, त्यांच्यासाठी आपण का भांडायचे?" हा प्रश्न १८४८ साली त्या किनाऱ्यावर विचारला गेला होता. त्याचे पुढे काय झाले ते सांगतो.

आधी जमीन समजून घ्या. गयानाचा किनारा म्हणजे निव्वळ चिखल. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी जमिनीपेक्षा काही फूट वर असते. कोकणातल्या मंडळींना हे लगेच कळेल. खारजमिनीला बांध घालतात, बांधाला उघाडी ठेवतात, ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची. तेच काम डच लोकांनी तिथे शेकडो मैलांवर करून घेतले. त्या उघाडीला तिथे आजही 'कोकर' म्हणतात. समोर समुद्राचा बांध, मागे दलदलीचे पाणी अडवणारा बांध, दोन्ही अंगांना बांध आणि मधे उसाचा मळा. मळ्याचे तोंड समुद्राकडे अरुंद आणि लांबी आत मैलोन्‌मैल, कारण प्रत्येक मालकाला पाणी सोडायला समुद्र हवा. म्हणून तिथली गावे आजही किनाऱ्याच्या रस्त्याला एकामागून एक पट्ट्यांसारखी लागलेली आहेत. एक संपले की दुसरे.

हे काम कोणी केले? आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी. १९४८-४९ मध्ये व्हेन आयोगाने साखरधंद्याची चौकशी केली. त्याने हिशेब मांडला की दर चौरस मैल उसामागे ४९ मैल निचऱ्याचे चर आणि १६ मैल वरच्या पातळीचे कालवे लागतात. ते खणताना गुलामांनी किमान दहा कोटी टन ओली चिकणमाती हाताने उपसली. गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांनी आपल्या पुस्तकात हा आकडा आवर्जून पुढे आणला. ट्रॅकवर भराव घातलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पावसात घमेलेभर माती उचलताना पाठ काय बोलते ते आपल्याला ठाऊक आहे. आणि ते लोक हे काम मजुरीशिवाय, चाबकाखाली करत होते.

त्यांनी मुकाट्याने केले असेही नाही. बर्बिसमध्ये १७६३ साली कफीच्या नेतृत्वाखाली गुलाम उठले आणि वसाहतीचा मोठा भाग त्यांनी काही महिने हातात ठेवला. डेमेरारात १८२३ च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांहून अधिक गुलाम उठले. राजाने आपल्याला सूट दिली आहे आणि मालक ती दाबून बसलेत, अशी त्यांची समजूत होती. मागणी काय, तर आठवड्यातले दोन-तीन दिवस स्वतःचे असावेत. क्वामिना नावाचा सुतार आणि त्याचा मुलगा जॅक पुढारी. या उठावात गोऱ्यांचे रक्त फारसे सांडले नाही, पण गुलाम शेकड्यांनी मारले गेले. क्वामिनाला गोळी घालून त्याचे प्रेत रस्त्याकडेला साखळ्यांनी लटकवून ठेवले, ते 'सक्सेस' नावाच्या मळ्यासमोर. सक्सेस म्हणजे यश. त्या किनाऱ्यावर नावे अशीच आहेत. एकाचे नाव 'बेटर होप', एकाचे फ्रेंच नाव आहे त्याचा अर्थ 'माझा विसावा'. मळ्यांची नावे मालकांनी ठेवली आणि तीच पुढे गावांची झाली.

या सक्सेसचा मालक जॉन ग्लॅडस्टन, लिव्हरपूलचा व्यापारी. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१८३४ च्या १ ऑगस्टला कायद्याने गुलामी संपली. पण चार वर्षे 'उमेदवारी'च्या नावाखाली वेठ चालूच राहिली, खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ला झाली. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर केले. कोणाला? मालकांना! एकट्या जॉन ग्लॅडस्टनला एक लाख पौंडांहून जास्त मिळाले. राबलेल्या माणसाला दमडी नाही.

आता त्या माणसांनी काय केले ते पाहा. उमेदवारीच्या काळात ठरल्या तासांपलीकडच्या कामाला थोडी मजुरी मिळत असे. ती त्यांनी जपली होती. नोव्हेंबर १८३९ मध्ये पाच मळ्यांवरचे ८३ मजूर एकत्र आले आणि 'नॉर्थब्रुक' नावाचा बंद पडलेला मळा त्यांनी ३०,००० गिल्डरांना, म्हणजे तिथल्या १०,००० डॉलरांना विकत घेतला. नाणी त्यांनी हातगाड्यांवर भरून नेली असे तिथे सांगतात. मळ्याचे नाव बदलून राणीच्या नावावरून 'व्हिक्टोरिया' ठेवले. पुढच्याच वर्षी १२८ जणांनी ५०,००० डॉलरांना दुसरा मळा घेतला. त्याला गुलामीविरुद्ध पार्लमेंटात भांडणाऱ्या माणसाचे नाव दिले, 'बक्स्टन'. १८४२ मध्ये ६५ जणांनी ३९,००० डॉलरांना 'प्लेझन्स' घेतले. दहा वर्षे होण्याच्या आत चाळीस हजारांवर माणसे अशा स्वतःच्या गावांत राहू लागली होती. आपल्या पतपेढ्यांना शंभर-सव्वाशे वर्षे झाली याचा आपण अभिमान बाळगतो. पण अंगावरच्या साखळीचे वळ गेलेले नसताना वर्गणी काढून गावेच्या गावे विकत घेणारी माणसे मला दुसरीकडे वाचनात आली नाहीत.

मालकांना हे कसे रुचावे? स्वतःचे घर आणि केळीची बाग असलेला माणूस पडेल त्या मजुरीवर येत नाही. १८४२ मध्ये मालकांनी संगनमत करून नवे नियम आणि कमी मजुरी लादायचा प्रयत्न केला. मजुरांनी संप केला आणि तो जिंकला. ना युनियन, ना नोंदणी, ना कोर्ट. मग मालकांनी कायदेमंडळ हाताशी धरले. एकत्र मिळून किती जणांनी जमीन घ्यावी यावरच बंधन आले. १८५२ मध्ये वीस माणसांपेक्षा जास्त नाही, १८५६ मध्ये दहा माणसांपेक्षा जास्त नाही. एकट्याला परवडणार नाही आणि एकत्र येऊ द्यायचे नाही. औद्योगिक संबंधांच्या कायद्याचा मसुदा वाचताना मला हा वीस आणि दहाचा आकडा आठवतो.

आणि आता आपली माणसे येतात. सुटकेच्या दोन वर्षे आधी, जानेवारी १८३६ मध्ये, या जॉन ग्लॅडस्टनने कलकत्त्याच्या एका कंपनीला पत्र टाकले की मजूर पाठवा. 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजे ५ मे १८३८ ला गयानाला लागली. ३९६ माणसे उतरली. छोटा नागपूरचे डोंगरी लोक त्यांत बरेच होते. पाच वर्षांचा करार, त्यालाच गिरमिट म्हणत. गुलाम जिथे राहत त्याच लांबलचक खोपटांच्या चाळींत त्यांना ठेवले. तिथे त्यांना 'लॉगी' म्हणत. मारहाण इतकी झाली की गुलामीविरोधी संस्थेच्या माणसाने बोभाटा केला आणि ही भरती काही वर्षे थांबवावी लागली. १८४५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि १९१७ पर्यंत चालली. सुमारे २,३९,००० माणसे गेली. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची, काही मद्रासकडची. परत आली ती एक-तृतीयांशाच्या आसपास.

१८४८ मध्ये साखरेचे भाव पडले म्हणून मालकांनी मजुरी पंचवीस टक्क्यांनी कापली. गावांतल्या लोकांनी पुन्हा संप पुकारला. सहा वर्षांपूर्वी जिंकला होता, याही वेळी जिंकू असे त्यांना वाटले. पण आता मळ्यांवर गिरमिटवाले होते. मदेराहून आलेले पोर्तुगीज होते आणि आपले हिंदुस्थानी होते. ते कामावर राहिले, संप मोडला. इथे काल विचारलेला प्रश्न येतो. गिरमिटवाल्यांना संपफोडे म्हणायचे का? गिरमिटवाल्याने काम सोडले तर तो फौजदारी गुन्हा होता. मळ्याबाहेर जायला पास लागे. पास नसेल तर तुरुंग. भाषा वेगळी, आणि संप कशासाठी चालला आहे हे त्याला समजावून सांगणारा कोणी नव्हता. त्याला आणणारा मालक, बांधून ठेवणारा मालक, आणि लोकांचा राग मात्र बांधलेल्या माणसावर. तो राग शंभरावर वर्षे टिकला, कसा ते पुढे सांगतो.

मधे थोडे आपल्या धंद्याचे. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे की गयानात आपल्या आधी रेल्वे धावली? बोरीबंदर-ठाणे १६ एप्रिल १८५३. जॉर्जटाऊन ते प्लेझन्स ३ नोव्हेंबर १८४८. पाच मैलांचा तुकडा, पण दक्षिण अमेरिकेतला पहिला. म्हणजे ज्या वर्षी संप मोडला त्याच वर्षी रूळ पडले. साखर बंदरावर न्यायला मळेवाल्यांना गाडी हवी होती. पहिल्या तीन इंजिनांची नावे मॉस्किटो, सँडफ्लाय आणि फायरफ्लाय, म्हणजे डास, वाळूतले चिलट आणि काजवा. दलदलीत सर्व्हे केलेल्या कोणा इंजिनिअरला सुचली असावीत! ही लाइन पुढे किनाऱ्याने वाढत १९०० मध्ये बर्बिस नदीपर्यंत गेली. ती स्टँडर्ड गेजची, आणि डेमेरारा नदीच्या पलीकडची दुसरी लाइन साडेतीन फुटांची. एवढ्याशा देशात दोन गेज. आपल्याकडे तीन होते म्हणून हसू नका.

ही गाडी बक्स्टनवरून जात असे. आता गावाची अडचण बघा. मळा विकत घेतला, जमीन वाटून घेतली, पण बांध, कालवे आणि कोकर वाटून घेता येत नाहीत. एकाने चर साफ केला नाही तर दहा जणांच्या घरात पाणी. मळेवाल्याकडे भांडवल होते, सरकार होते. गावाकडे काहीच नव्हते, आणि शेजारच्या मळ्याचे पाणी आपल्यावर सोडतात ही तक्रार कायमची. सरकारने दुरुस्तीच्या नावाने गावांवर कर बसवला, न भरल्यास जमीन लिलावात. बक्स्टनवाले सांगतात की १८६० च्या दशकात गव्हर्नर खास गाडीने चालला होता. बाया-माणसे रुळांवर उभी राहिली, गाडी थांबली, आणि लोकांनी इंजिनच्या चाकांना साखळ्या घालून कुलपे ठोकली. आधी आमचे ऐका मग पुढे जा. गव्हर्नरला ऐकावे लागले. बक्स्टनवाल्यांनी गाडी अडवली, ही त्या देशात आजही म्हण आहे. आपण स्वतः गाडी चालवणारे आहोत, तेव्हा अशा गोष्टींचे जाहीर कौतुक मी जपूनच करतो. पण त्या बिचाऱ्या ड्रायव्हरची मनातून काय इच्छा असेल ते मी ओळखू शकतो.

इकडे गिरमिटवाल्यांच्या मुदती संपत होत्या. परतीचे भाडे मालकांना आणि सरकारला जड वाटू लागले. म्हणून शतकाच्या शेवटी भाड्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा द्यायची टूम निघाली. हेलेना, व्हिम, बुशलॉट ही गावे अशी वसली. बंद पडलेलेच मळे, तेच कोकर, आणि पुन्हा तेच बांध दुरुस्त करायचे. आपल्या लोकांनी तिथे भात लावला. घरापुरता लावलेला भात पुढे निर्यातीला जाऊ लागला. म्हणजे दोन प्रकारची गावे झाली. एक आफ्रिकी लोकांनी वर्गणीने घेतलेली, दुसरी हिंदुस्थान्यांची, कधी परतीच्या हक्कावर पाणी सोडून मिळालेली, कधी मळ्याच्या चाळींभोवती वाढलेली. एकाच रस्त्यावर, एकाच बांधाच्या आड.

मळ्यांवरच्या गोळीबारांची यादी मोठी आहे, सगळी वाचत नाही. १८७२ मध्ये डेव्हनशायर कॅसलला पाच मेले. १८९६ मध्ये नॉनपरेलला पाच. १९१३ मध्ये बर्बिसच्या रोझहॉलला पंधरा, त्यांत एक बाई. रोझहॉलचे कारण ऐका. गाळप संपल्यावर मॅनेजरने सुट्टी कबूल केली आणि मग शब्द फिरवला. सुट्टीवरून पंधरा माणसे गेली.

इथे महाराष्ट्राचा एक धागा आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये नाताळला जाणारी गिरमिट भरती बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला आणि तो मंजूर झाला. मार्च १९१२ मध्ये गिरमिट पद्धत सगळीकडूनच उठवावी असा दुसरा ठराव त्यांनी आणला, तो सरकारी मतांनी पडला. पडला तरी विषय मिटला नाही. १९१७ मध्ये भरती थांबली. गोखले १९१५ मध्येच वारले होते, त्यांना ते पाहायला मिळाले नाही.

जॉर्जटाऊनच्या धक्क्यावर ह्यूबर्ट क्रिचलो नावाचा गोदी कामगार होता. जानेवारी १९१९ मध्ये त्याने ब्रिटिश गयाना लेबर युनियन काढली. आपल्या देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना मुंबईत १९२० मध्ये स्थापन झाली, म्हणजे तो आपल्या आधी. क्रिचलो स्वतः काळा, त्याचे सभासद बहुतेक शहरातले काळे कामगार. १९२४ मध्ये धक्क्यावर संप झाला तेव्हा नदीकाठच्या मळ्यांवरचे हिंदुस्थानी मजूर हजारोंनी जॉर्जटाऊनकडे निघाले. काळे मजूर त्यांच्याबरोबर. मित्रहो, १८४८ नंतर पाऊणशे वर्षांनी हे घडले. ३ एप्रिलला रुइमव्हेल्ट इथे पोलिसांनी वाट अडवून गोळी झाडली, तेरा जण पडले. ज्यांना आणून संप मोडला होता त्यांचीच नातवंडे संपाला येऊन मिळत होती. मालकांना भीती वाटली ती याची. एकेकट्या मोर्चाला ते कधी भ्यायले नव्हते. कंत्राटी कामगारांबद्दल ज्यांना माझे मत हवे होते त्यांना ते इथे मिळाले असेल. आज आपल्या स्टेशनवर झाडू मारणारा आणि गाडीतल्या चादरी धुणारा कंत्राटदाराचा माणूस आहे. तो १८४८ चा गिरमिटवाला व्हावा की १९२४ चा मोर्चेकरी, हे बरेचसे आपण त्याच्याशी कसे बोलतो यावर आहे.

१९३९ मध्ये लिओनोरा मळ्यावर चार मेले, मग कुठे मालकांनी एका युनियनला मान्यता दिली. आणि मान्यता मिळताच ती युनियन हळूहळू मालकांच्या मांडीवर जाऊन बसली. असे प्रकार आपल्यालाही नवे नाहीत. म्हणून मजुरांनी दुसरी काढली. १९४८ च्या एप्रिलमध्ये पूर्व किनाऱ्यावर संप झाला. मुद्दा साधा होता. पूर्वी ऊस तोडून खाली टाकायचा. नंतर तोडणाऱ्यानेच मोळी डोक्यावर घेऊन कालव्यातल्या लोखंडी होडीत भरायचे बंधन आले. कोयता चालवून थकलेल्या माणसाने चिखलातून ओझे वाहायचे. १६ जूनला एन्मोरच्या कारखान्यासमोर पोलिसांनी गोळी झाडली. लल्लाबागी किसून, पूरन, रामबरन, दूखी आणि सुरुजबल्ली. नावे ऐका, ही आपल्या बलिया-आऱ्याकडची वाटतात. त्यांची प्रेतयात्रा एन्मोरहून जॉर्जटाऊनला सोळा मैल पायी गेली. पुढे चेदी जगन आणि त्यांच्या पत्नी जॅनेट होत्या.

जगन स्वतः पोर्टमोरांट मळ्यावर वाढलेले, ऊसमजुरांचे पोर. क्रिकेटवाल्यांना पोर्टमोरांट माहीत असेल, रोहन कन्हाय त्याच गावचा, ज्याच्या नावावरून सुनील गावस्करने मुलाचे नाव रोहन ठेवले. असो. १९५३ च्या निवडणुकीत जगन यांचा पक्ष निवडून आला. त्या पक्षात काळ्यांचे पुढारी फोर्ब्स बर्नहॅमही होते. बहुमताच्या युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे असे विधेयक त्यांनी आणले. १३३ दिवसांत ब्रिटिशांनी फौज उतरवून घटनाच गुंडाळली. जगन आणि बर्नहॅम दोघे मिळून त्या वेळी दाद मागायला भारतातही आले होते.

दोन वर्षांत ते दोघे फुटले. पक्ष फुटला, पाठोपाठ युनियन आणि मग गावे. १९६४ च्या ऊससंपात आणि दंगलीत बक्स्टनमधले हिंदुस्थानी शेजारच्या अॅनाडेलला गेले, लुसिन्यांमधले काळे बक्स्टनला आले. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कोकरचे पाणी वाटून घेणाऱ्यांनी एकमेकांची घरे जाळली. १८४८ चा राग टिकला म्हणालो तो असा. त्याला खतपाणी घालणारे बाहेरचेही होते, पण बी जुने होते.

पुढचे थोडक्यात. १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९७५ च्या शेवटी ऊसमजुरांचे गुप्त मतदान झाले आणि त्यांच्या खऱ्या युनियनला शेकडा ९८ च्या आसपास मते पडली, मान्यता १९७६ मध्ये मिळाली. एन्मोरच्या १९४८ च्या मागणीला अठ्ठावीस वर्षे लागली. त्याच वर्षी साखरधंद्याचे राष्ट्रीयीकरण झाले. रेल्वे त्याआधीच गेली होती, पूर्व किनाऱ्याची १९७२ मध्ये आणि पश्चिमेची १९७४ मध्ये. रूळ उपटले, भराव राहिला, त्यावरून आता मोटारी जातात. २०१६ मध्ये वेल्सचा आणि २०१७ मध्ये एन्मोर, स्केल्डन आणि रोझहॉलचे कारखाने सरकारने बंद केले. हजारो मजूर घरी बसले. रोझहॉल २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला, एन्मोर नाही. समुद्रात तेल सापडले आहे आणि २०१९ पासून ते निघते आहे, पण ऊसतोड करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला तेलाच्या जहाजावर कोण घेणार?

गावे मात्र आहेत. २००५ च्या जानेवारीत मोठा पूर आला तेव्हा पूर्व किनाऱ्यावर काळ्यांच्या आणि हिंदुस्थान्यांच्या घरांत पाणी एकाच उंचीला चढले होते. एन्मोरला हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि १६ जूनला ऊसमजुरांची युनियन तिथे जमते, कारखाना बंद असला तरी.

माझी वेळ संपली आहे, चिठ्ठी आली. कंत्राटी सभासदत्वाचा ठराव दुपारच्या सत्रात मतदानाला येणार आहे. त्याआधी कोणाला काही विचारायचे असेल तर आत्ता विचारा.